कर्जातलं घर सोडायची वेळ आली तर: चावी देण्याआधी आणि दिल्यानंतर काय करायचं

गृहकर्जाचे हप्ते झेपेनासे झाले की घरात कुणीतरी बोलून जातं, "घेऊ दे बँकेला घर, सुटू एकदाचे." वैतागून बोललेलं असलं तरी बरेच जण ते खरं धरून चालतात. मी माझा बदलापूरचा फ्लॅट थकबाकीची नोटीस आल्यानंतर विकून कर्ज मिटवलं. त्या काळात वकील, बँकेचा वसुली विभाग आणि सोसायटी या तिघांच्या पायऱ्या झिजवताना जे कळलं ते इथे एका जागी मांडतोय.

सगळ्यात आधी मूळ मुद्दा. भारतात गृहकर्ज ही तुमची व्यक्तिगत देणेदारी असते आणि घर हे फक्त तारण. घर विकून आलेले पैसे कमी पडले तर उरलेली रक्कम तुमच्याकडून, सहकर्जदाराकडून आणि जामीनदाराकडून वसूल करता येते. अमेरिकेतला भाऊ किंवा मैत्रीण "चावी परत केली की विषय संपतो" असं सांगत असेल, तर तो कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांचा कायदा आहे. तिथे राहतं घर घेण्यासाठी काढलेल्या मूळ कर्जाला बहुतेक वेळा असं संरक्षण मिळतं. आपल्याकडे ते नाही.

१. आधी दोन आकडे कागदावर काढा

पहिला आकडा बँकेकडून घ्यायचा. शाखेत अर्ज देऊन फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण मिटवायला किती पैसे लागतील ते सांगणारं पत्र, मागा. त्यात मुद्दल, थकलेलं व्याज, दंड आणि कायदेशीर खर्च वेगवेगळा दाखवलेला हवा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही, तो लावला असेल तर काढायला लावा. १ एप्रिल २०२४ पासून थकबाकीवर दंडव्याज लावायलाही बंदी आहे. दंड आकार म्हणून घेता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही. जुन्या कर्जांच्या उताऱ्यात ही गडबड सापडते, म्हणून पूर्ण उतारा मागून ओळ न ओळ वाचा.

दुसरा आकडा घराची खरी किंमत. दलाल सांगतो ती नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्याच इमारतीतले किंवा शेजारचे अलीकडचे व्यवहार इंडेक्स २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) वर दिसतात. तो भाव धरा.

आता समजण्यापुरते आकडे घेऊ. बाकी ४० लाख, बाजारभाव ४२ लाख. आज स्वतः विकलं तर दलाली वगैरे जाऊन हातात फार काही राहणार नाही, पण कर्ज शून्य होईल. तेच घर दीड वर्ष तसंच सोडलं, तर ९ टक्क्यांनी व्याजच पाच लाखांच्या वर जातं. त्यात दंड आणि खर्च धरून बाकी ४६ लाख झाली, बंद पडलेला फ्लॅट लिलावात ३५ लाखांना गेला आणि लिलावाचा खर्च १ लाख आला, तर तुमच्या डोक्यावर १२ लाख उरले. घरही गेलं आणि वर हे देणं.

२. किती दिवस हातात आहेत ते ओळखा

हप्ता चुकला की खातं आधी एसएमए (थकण्याच्या वाटेवरची खाती) या यादीत जातं: ३० दिवसांपर्यंत शून्य, ६० पर्यंत एक, ९० पर्यंत दोन. ९० दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. या पहिल्या तीन महिन्यांतच बँक सगळ्यात जास्त ऐकते. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं यासाठी अर्ज करायचा तो आत्ताच, आणि ईमेलने. फोनवर "बघतो साहेब" म्हणणाऱ्याची दोन महिन्यांनी बदली झालेली असते.

एनपीए झाल्यावर एक-दोन हप्ते भरून खातं सुधारत नाही. सगळी थकबाकी भरली तरच ते पुन्हा नियमित होतं. वसुलीचा माणूस "निदान एक हप्ता तरी टाका" म्हणतो तेव्हा हे आठवा. जे घर तुम्ही ठेवणारच नाही, त्यासाठी बायकोचे दागिने मोडून एक हप्ता भरण्यात अर्थ नाही.

कर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली विमा पॉलिसी असेल तर तीही काढून वाचा. काहींमध्ये गंभीर आजार किंवा नोकरी जाण्याचं संरक्षण असतं आणि घरात कुणालाच ते माहीत नसतं.

३. कागदांची फाईल

हे सगळं घर रिकामं करण्याआधी एका फाईलमध्ये लावा आणि फोनवर स्कॅन ठेवा:

- मंजुरीपत्र, कर्जाचा करारनामा आणि वेळोवेळी सह्या केलेली पुरवणी पत्रं
- बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी (बँकेच्या भाषेत एलओडी)
- खरेदीचा नोंदणीकृत करार, इंडेक्स २, शेअर सर्टिफिकेट
- पहिल्यापासूनचा कर्जखात्याचा उतारा
- सगळ्या नोटिसा, पाकिटांसकट. मुदतीचा वाद झाला तर नोटीस कधी आली याला पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पुरावा ठरतो
- बँकेला दिलेल्या कोऱ्या किंवा पुढच्या तारखेच्या धनादेशांचे क्रमांक
- सोसायटी, मालमत्ता कर आणि विजेची शेवटची बिलं

४. जमत असेल तर घर स्वतः विका

या लेखातलं एकच कलम वाचायला वेळ असेल तर हे वाचा. तुम्ही विकलेल्या घराला गिऱ्हाईक आत येऊन पाहतं, सोसायटीत चौकशी करतं आणि त्याच्या बँकेकडून कर्ज काढतं. लिलावातलं घर लोक "जसं आहे तसं" या अटीवर, थकलेल्या बिलांसकट आणि कोर्टकज्जाची भीती बाळगून घेतात. भावातला फरक तिथून येतो.

क्रम असा. बँकेला लेखी कळवा की मी तारण मालमत्ता विकून कर्ज फेडू इच्छितो. फोरक्लोजर लेटर आणि एलओडी घ्या. गिऱ्हाईक मिळालं की त्याच्याशी करार करून नोंदवा आणि कर्ज कुठल्या बँकेचं आहे, बाकी किती आहे हे त्यात स्पष्ट लिहा. गिऱ्हाईकही कर्ज काढत असेल तर त्याची बँक तुमच्या कर्जखात्याच्या नावाने पे ऑर्डर काढते. तुमची बँक पैसे जमा झाल्यावर मूळ कागद आणि ना-हरकत पत्र देते. दोन्ही बँकांच्या माणसांना एकाच दिवशी एकत्र आणणं हे यातलं खरं दिव्य, त्यासाठी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे नंबर स्वतःकडे ठेवा. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

विक्रीचे पैसे बाकीपेक्षा कमी पडत असतील तरी बँकेकडे जा. "३८ लाख आज येतात, उरलेल्या २ लाखांचे हप्ते बांधून द्या" हा प्रस्ताव गिऱ्हाइकाच्या लेखी तयारीसकट ठेवला तर त्याला वजन येतं. बँकेलाही लिलावाची कटकट नकोच असते.

आता यातला सापळा. कल्याणपासून कर्जतपर्यंत आणि पुण्याच्या कडेकडेला एक प्रकार सर्रास चालतो. कुणीतरी म्हणतं, "मला फ्लॅट नोटरीवर द्या, चार लाख रोख घ्या, पुढचे हप्ते मी भरतो." असं मुळीच करू नका. कर्ज तुमच्या नावावर राहतं, घर त्याच्या ताब्यात जातं आणि त्याने हप्ते थांबवले की नोटीस तुमच्या दारी येते. शिवाय सरफेसी कायद्याच्या (बँकेला तारण थेट विकू देणारा कायदा, पुढच्या भागात येतो) कलम १३(२) ची नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण मालमत्ता विकायला किंवा भाड्याने द्यायला त्याच कायद्याने मनाई आहे.

५. नोटीस आली की तारखा पाळा

२००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला दिवाणी दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकता येतं. सहकारी बँकाही यात येतात. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी हा प्रश्न निकाली काढला. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा: सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक वसुलीचा दाखला देतात आणि मग जप्ती होते. त्यात जामीनदारांच्या मागे लागायला वेळ लावत नाहीत.

सरफेसीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. १३(२) च्या नोटिशीत ६० दिवसांत सगळी रक्कम भरायला सांगतात. त्यावर हरकत असेल तर लेखी द्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. चुकीचं व्याज किंवा न दाखवलेला हप्ता असेल तर तो इथेच मांडा. ६० दिवसांनंतर १३(४) खाली ताबा. पहिल्यांदा तो बहुतेक वेळा फक्त सांकेतिक असतो: दारावर नोटीस चिकटवतात, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि मग तहसील कार्यालयाचा किंवा न्यायालयाने नेमलेला माणूस पोलिसांसह दारात येतो.

बँकेने कायदा पाळला नसेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, १३(४) च्या कारवाईपासून ४५ दिवसांत अर्ज करता येतो. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे डीआरटी आहेत. केवळ वेळ काढण्यासाठी जात असाल तर विचार करा. व्याज चालूच राहतं, आणि पुढच्या अपिलासाठी बाकीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती कमी करून मिळाली तरी २५ टक्क्यांच्या खाली येत नाही.

घर परत मिळवण्याची शेवटची तारीख लिलावाचा दिवस आहे असं पुष्कळ जण समजतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाफना मोटर्सच्या निकालात ते ठामपणे सांगितलं. जाहिरातीनंतर पैसे घेऊन धावत गेलात तर ते घेतले जातील याची खात्री नाही.

पत्ता बदललात तर बँकेला लेखी कळवा. गावी निघून गेलात आणि नोटीस जुन्या दारावर चिकटली, तरी ती तुम्हाला मिळाली असंच धरलं जाण्याची शक्यता मोठी.

६. ताबा द्यायचाच असेल तर असा द्या

शांतपणे ताबा देण्यात कमीपणा नाही. पोलीस, पंच आणि खिडकीतून बघणारे शेजारी हा देखावा टळतो. पण चावी शिपायाच्या हातात टेकवून निघू नका. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचा पंचनामा करा: तारीख, वेळ, घराची स्थिती, आत राहिलेल्या सामानाची यादी, वीजमीटरचं रीडिंग. फोटो आणि व्हिडिओ काढा. सोसायटीला पत्र देऊन पोच घ्या की अमुक तारखेपासून ताबा बँकेकडे आहे.

बँक ज्या कागदावर सही मागेल तो तिथल्या तिथे वाचा. "संपूर्ण बाकी मला मान्य आहे, ती मी फेडीन" असं वाक्य त्यात असेल तर सही करू नका. ताबा देण्यासाठी त्या कबुलीची गरज नसते.

७. लिलावावर लक्ष ठेवा

घर सोडल्यावर तिकडे वळूनही बघू नये असं वाटतं. तरी बघा, कारण घर जितक्या कमी भावात जाईल तितकं तुमचं देणं वाढणार. बँकेला मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते आणि विक्रीची ३० दिवसांची नोटीस तुम्हालाही द्यावी लागते. मूल्यांकन अहवालाची प्रत लेखी मागा. किंमत फारच कमी धरली असेल तर इंडेक्स २ चे पुरावे जोडून हरकत घ्या. ओळखीत कुणी घेणारं असेल तर त्याला बोली लावायला सांगा.

खर्च आणि बाकी वजा होऊन पैसे उरले, तर ते तुमचे. ते मागून घ्यावे लागतात, आपोआप चेक येईल या भरवशावर राहू नका. लिलावात विकलं तरी आयकराच्या दृष्टीने ती विक्रीच असते, त्यामुळे जुनं स्वस्तात घेतलेलं घर असेल तर भांडवली नफ्याबद्दल सीएला आधीच विचारा.

८. उरलेल्या देण्याचं काय होतं

तूट उरली तर बँक कलम १३(१०) खाली ती मागू शकते. रक्कम २० लाख किंवा जास्त असेल तर डीआरटीत, कमी असेल तर दिवाणी न्यायालयात. हुकूम झाला की पगार, बँक खातं, दुसरा प्लॉट, गावची तुमच्या हिश्शाची जमीन यांवर जप्ती येऊ शकते. सहकर्जदार म्हणून सही केलेली बायको किंवा वडील तुमच्याइतकेच जबाबदार आहेत. जामीनदारालाही "आधी घर विका, मग माझ्याकडे या" असं म्हणता येत नाही, त्याला बँक केव्हाही गाठू शकते. म्हणून घर सोडायचा विचार पक्का झाला की सगळ्यात आधी जामीनदाराला भेटून सांगा. नोटिशीतून कळलं तर नातं उरत नाही.

काही गोष्टींना हात लागत नाही. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि आयुर्विम्याचे पैसे जप्तीतून वगळलेले आहेत. पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी पगार २४ महिन्यांहून जास्त जप्त ठेवता येत नाही. कर्जदार वारला तर वारसांची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. मुलाच्या स्वतःच्या कमाईवर ती येत नाही, मात्र तो सहकर्जदार नसला पाहिजे.

तुरुंगाची भीती फोनवर हमखास घातली जाते. प्रामाणिकपणे पैसे नसणं हा गुन्हा नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलंय की केवळ फेडता येत नाही म्हणून माणसाला कैदेत टाकता येत नाही. मात्र धनादेश किंवा बँक खात्यावरचा आपोआप वळता होणारा हप्ता न वटणं हे फौजदारी प्रकरण होऊ शकतं, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड. त्यामुळे अशी नोटीस आली तर तिच्यातली १५ दिवसांची मुदत चुकवू नका आणि न्यायालयाचं समन्स तर नाहीच नाही. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मोडला तर फोन रेकॉर्ड करा आणि बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

लिलावानंतर उरलेल्या नुसत्या पैशांच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत तुम्ही लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरले तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एजंट "फक्त ५०० रुपये टाका, फाईल बंद करतो" म्हणतो, त्याच्या मागे कधीकधी हेच असतं.

९. फ्लॅट अजून तयारच नसेल तर

बिल्डरने काम थांबवलं म्हणून हप्ते थांबवणारे बरेच आहेत. राग समजतो, पण बिल्डरशी करार वेगळा आणि बँकेशी वेगळा. "ताब्यापर्यंत हप्ते बिल्डर भरेल" या योजनेतही कर्जदार तुम्हीच असता. अशा योजनांमधल्या बिल्डर आणि बँकांच्या साटेलोट्याची सीबीआय चौकशी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये लावली आहे, तरी तुमच्या खात्यावरची थकबाकी त्याने आपोआप पुसली जात नाही. महारेराकडे रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याजासह परतावा मागा आणि त्या तक्रारीची प्रत बँकेला द्या. पुढचे टप्पे देऊ नका असं बँकेला लेखी कळवा, म्हणजे कर्ज निदान वाढणार तरी नाही.

१०. तडजोड, आणि ती कागदावर

तूट भरायची ताकद नसेल तर एकरकमी तडजोडीचा, म्हणजे ओटीएसचा, प्रस्ताव द्या. बँकेने तुमचं कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलं असेल तर बऱ्याचदा बोलणी सोपी जातात, कारण त्यांनी ते पूर्ण किमतीत घेतलेलं नसतं. उत्पन्नाचा पुरावा आणि आजारपणाचे कागद जोडा. आकडा असा सांगा जो खरोखर उभा करू शकाल. ठरलेली रक्कम मुदतीत न भरल्यास तडजोड रद्द होते आणि भरलेले पैसे मूळ बाकीत जिरतात.

मंजुरीपत्रात चार गोष्टी असल्याशिवाय एक रुपया देऊ नका: ही रक्कम पूर्ण आणि अंतिम आहे, सहकर्जदार व जामीनदारही मुक्त होतात, सगळे खटले मागे घेतले जातील, आणि थकबाकी नसल्याचा दाखला किती दिवसांत मिळेल. पैसे कर्जखात्यातच भरायचे. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी मजकूर घरी नेऊन वाचायला मागा.

तडजोडीनंतर सिबिलवर (कर्जफेडीचा इतिहास ठेवणारी संस्था) खातं "सेटल्ड" दिसतं, "क्लोज्ड" नाही. नवं गृहकर्ज त्यामुळे बराच काळ अवघड जातं. कधीकधी पैसे भरूनही अहवालात जुनी बाकी तशीच राहते. दाखला हातात आल्यावर दोन महिन्यांनी मोफत अहवाल काढून तपासा. चूक असेल तर सिबिलकडे आणि बँकेकडे एकदमच तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते, अर्जात तो आकडा लिहायला विसरू नका.